बुटांच्या आधीची चाल

डॉक्टरांनी आईला रोज सकाळी चालायला सांगितलं, तेव्हा तिच्यासोबत कोण जाणार हा प्रश्न आमच्या घरात निघालाच नाही. घरात आम्ही दोघीच. मी अंबडच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल. जालन्याहून सकाळच्या एसटीनं निघायची, ती संध्याकाळी परत यायची. धाकटा भाऊ पुण्यात. आई म्हणाली, "तू जाय तुह्या गाडीला. मी काय लहान हाये का?" आणि ती एकटीच मोती तलावाकडे जायला लागली.

चपलेनं गुडघ्यांवर जोर येतो, बूट घ्या, असंही डॉक्टर म्हणाले होते. ते काम मी केलं. बसस्थानकाहून घरी येताना एका दुकानात शिरले, आईच्या पायाचं माप अंदाजानं सांगितलं आणि निळ्या पट्ट्यांचे पांढरे बूट घेऊन आले. आईनं आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले. पलंगावर बसून तिनं दोन्ही पाय समोर धरले आणि बराच वेळ पाहिले, जणू पाय दुसऱ्या कुणाचे आहेत. "बराबर हायेत," ती म्हणाली. मला बरं वाटलं. दुकानात जाऊन भाव करणं, बदलून मागणं मला जमत नाही, आणि या वेळी ते करावं लागलं नव्हतं.

महिनाभरात तिच्या बोलण्यात एक पोरगी यायला लागली. जालन्यातल्या एका जुन्या मारवाडी घरातली. आजोबा-पणजोबांपासून बियाण्यांचा व्यापार; पोरगी मात्र बाहेर राहून नाच शिकून आली होती आणि परत आल्यावर दुकानात बसत नव्हती. तलावाच्या कडेनं तिनं काहीतरी सुरू केलं होतं. वर्ग म्हणावा तर कुणी शिकवत नव्हतं, फी नव्हती. कॉलेजची चार पोरं, एक निवृत्त पोस्टमन, एक शिवणकाम करणारी बाई, आणि आता माझी आई.

त्यांचं काम चालायचं असं. कुणीतरी एकानं पुढे चालायचं, आपलं नेहमीचं. बाकीच्यांनी मागून, न बोलता. चालता चालता पुढच्याचं चालणं आपल्या अंगावर घ्यायचं: त्याचा खांदा कुठे झुकतो, कुठला पाय जास्त वेळ जमिनीवर राहतो, तो कुठे श्वास सोडतो. मग तलावाजवळच्या मोकळ्या जागेत उभं राहून तेच सावकाश करायचं, इतकं सावकाश की चालण्याचा नाच व्हावा. आणि सगळ्यात शेवटी खाली बसून, अंगात जे आलं ते लिहायचं. ज्याला लिहिणं जड जाई त्यानं बोलायचं, शेजारच्यानं लिहून घ्यायचं. मग ते वाचून दाखवायचं आणि घरी जायचं. याला ते 'चाल उसनी घेणं' म्हणत.

गल्लीत थट्टा झालीच. समोरच्या बाईंनी विचारलं, "काय आजी, आता टीव्हीवर दिसणार का?" आई बुटांच्या नाड्या बांधत म्हणाली, "दिसीन की. तुला पास पाठवते, पुढच्या खुर्चीचा."

मला थट्टा करावीशी वाटली नाही. मला वाटलं ते वेगळंच होतं, आणि त्याला नाव द्यायला मी वेळ लावला. एका संध्याकाळी जेवताना आई सहज बोलून गेली, "माहे पाय माह्या आधी उठतेत."

मी घास हातातच ठेवून विचारलं, हे कुठे वाचलंस.

"वाचलं न्हाई. मी बोलले, त्या पोरीनं लिहून घेतलं. सगळे म्हणले, लई चांगलं हाये."

आई चौथीपर्यंत शिकलेली. तरुणपणी कापूस वेचला, नंतर अंगणवाडीत मदतनीस झाली आणि तिथूनच निवृत्त झाली. आमच्या घरातली पुस्तकं माझी, लिहिणारी मी. वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून माझे लेख अधूनमधून येतात, आणि ते आल्यावर आई त्यांची घडी करून गादीखाली ठेवायची. इतक्या वर्षांत असं एक वाक्य माझ्याकडून झालेलं नाही. त्याचंही मला फार वाटलं नसतं. पण ते वाक्य माझ्यासमोर, माझ्या ताटाच्या पलीकडे, इतकी वर्षं बसलेलं होतं आणि ते एका परक्या पोरीला दिलं गेलं. मला ते शिळं मिळालं, रात्रीच्या भाकरीसोबत.

एका रविवारी आई म्हणाली, चल. मी म्हटलं, पुढच्या रविवारी. आणि ती निघाल्यावर थोड्या वेळानं मी तिच्या मागे गेले. तलावाच्या रस्त्यावर चहाची गाडी आहे. तिथून मोकळी जागा नीट दिसते. त्या दिवशी पुढे चालायची पाळी आईची होती. ती चालणं संपवून मध्ये उभी होती आणि तिचे दोन्ही हात वर होते. मी आईचे हात इतके वर कधी पाहिले नव्हते. लग्नांत ती नाचली नाही. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्या बाया नाचत, तेव्हा ही रस्त्याच्या कडेला पाण्याचा जग घेऊन उभी राहायची. तिथं तलावाजवळ ती हात वर करून सावकाश फिरत होती आणि तिच्या मागे ती पोरगी, अंगाला अंग न लावता, तिच्या सावलीसारखी फिरत होती. आईच्या पाठीला कळत होतं की ती मागे आहे. हे मला इतक्या लांबून दिसलं. चहावाल्यानं विचारलं, देऊ का. मी नको म्हणाले आणि घरी येऊन कपडे धुवायला घेतले.

आई गेली ती थंडीत, एका दुपारी. मी ग्रंथालयात नव्या पुस्तकांवर क्रमांक घालत होते. शेजाऱ्यांचा फोन आला, की छातीत दुखतंय म्हणाल्या, दवाखान्यात नेलंय. अंबडहून मिळेल त्या गाडीनं निघाले. मी पोचले तेव्हा सगळं झालं होतं. खाटेशेजारी ती पोरगी बसलेली होती. शेजाऱ्यांनी आईच्या फोनमधून जो नंबर सगळ्यांत वर दिसला तो लावला होता, आणि वर तिचा नंबर होता. ती स्कूटीवरून आली होती, वेळेत. आईशी तिचं बोलणं झालं होतं. काय, ते मी विचारलं नाही. ती उठून मला जागा द्यायला लागली, तेव्हा मला पहिल्यांदा तिचा राग आला. माझ्या आईजवळची जागा मला तिनं द्यायची, हे मला सहन झालं नाही.

घर आवरताना मी आईचे बूट बाहेर काढले. पुसून कुणाला तरी द्यावेत असं वाटलं होतं. हात आत घातला तर पुढच्या टोकाला काहीतरी लागलं. जुन्या साडीचे तुकडे, नीट घडी करून कोंबलेले, दोन्ही बुटांत. बूट मोठे होते. मी आणले त्या दिवसापासून मोठे होते. एवढे महिने ती त्यांत कापड भरून चालत होती आणि मला एका शब्दानं बोलली नव्हती. मी ते तुकडे होते तसेच आत ठेवले आणि बूट कपाटात ठेवून दिले.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी गल्लीत मंडप टाकला. टेंभुर्णीहून मावशी आली, पुण्याहून भाऊ-भावजय. त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजींची धम्मदेसना झाली, आणि मग आदरांजलीला सुरुवात झाली. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक असतं: एकेकाला पुकारतात, तो माइकसमोर उभा राहून दोन शब्द बोलतो, आणि दोनाचे दोनशे होतात. अंगणवाडीतल्या बाई बोलल्या. भाऊ बोलला आणि मध्येच थांबला. माझा नंबर शेवटी होता. मी चार पानं लिहून आणली होती. खोटं कशाला सांगू, ती चांगली झाली होती. मी त्यांच्यावर रात्रंदिवस बसले होते. आई लोकांपुढे उभी करायची तर ती मी करीन, माझ्या शब्दांत, एवढी एकच गोष्ट मला हवी होती. दवाखान्यातली जागा गेली होती. ही जाऊ द्यायची नव्हती.

माझ्या आधी त्या पोरीला पुकारलं. पांढऱ्या सलवार-कमीजमध्ये ती उठली. माइक हातात घेऊन म्हणाली, "मला बोलता येत न्हाई तसं. मी आजीसोबत चालत होते. बिलकुल थोडंसं चालून दाखवते." माइक तिनं खाली ठेवला. मंडपात कुणीतरी हसलं. संचालन करणाऱ्या सरांनी भावाकडे पाहिलं, भावानं माझ्याकडे.

ती अनवाणी होती. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं, सतरंजीवरून, ती चालायला लागली. टाच आधी टेकायची, मग जराशानं पायाचा पुढचा भाग थपकन पडायचा, मग बोटं आवळल्यासारखं क्षणभर थांबणं, आणि मग पाय उचलण्याआधी तो किंचित पुढे ओढायचा. डावा खांदा खाली. मान सरळ, जरा ताठ.  आणि मग मावशीनं तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "आक्का चालून राह्यली. आक्काच हाये." तिच्यामागून बाया रडायला लागल्या. भाऊही रडला. भंतेजी खाली पाहत बसले होते.

मी रडले नाही. मी त्या पायांकडे पाहत होते आणि मला कळत होतं की ही आईची चाल नाही. ही मोठ्या बुटांची चाल आहे. टाच आधी, कारण पुढच्या टोकात पाय नाही, नुसतं कापड. बोटांचं ते आवळणं, बूट निसटू नये म्हणून. पाय ओढायचा, कारण उचलला तर बूट मागे राहील. मंडपातल्या कुणालाच ते ठाऊक नव्हतं. मावशी आईबरोबर लहानाची मोठी झाली, आणि तीही फसली. त्या पोरीनं माझी आई म्हणून माझीच चुकलेली खरेदी लोकांना चालून दाखवली आणि लोक रडले.

मग मी चार पानं वाचली. लोकांनी शांतपणे ऐकली. जेवणाच्या पंगतीत दोघातिघांनी सांगितलं, छान लिहिलंय ताई. मावशी मात्र त्या पोरीला शेजारी बसवून तिच्या ताटात वाढत होती.

पुढचे काही आठवडे ते गुपित मी जवळ बाळगलं. मला त्याची सोबत होती, हे लपवून काय करू. एसटीत बसल्यावर खिडकीबाहेर सोयाबीनची कापलेली वावरं मागे जायची आणि मी मनात त्या पोरीला सांगायची: तुला काही माहीत नाही. एकदा भावाला फोनवर सहज विचारलं, की आई बूट घालायच्या आधी कशी चालायची, आठवतं का तुला. तो म्हणाला, "सगळ्या आया चालतात तशी." तो लहानपणापासून वसतिगृहात होता, त्याला दोष नाही. मी मात्र सुट्टीत आईच्या मागून कापसाच्या वावरात जायची, नंतर अंगणवाडीत. तिच्या मागे चालण्यातच माझं लहानपण गेलं. ती चाल मला माहीत होती. दुसऱ्या कुणाला नव्हती.

एका रविवारी दुपारी ती पोरगी घरी आली. सोबत कुणी नव्हतं. मी चहा ठेवला. ती आईच्या पलंगावर बसली नाही, खुर्चीत बसली, हे मी पाहिलं आणि मला ते आवडलं. तिनं सांगितलं, की तलावाभोवतीच्या माणसांच्या चालींचा एक प्रयोग ती करतेय, जालन्यातच, एका शाळेच्या सभागृहात. नाच आणि त्यांनी लिहिलेलं वाचणं, दोन्ही. मध्यभागी आजींची चाल आणि आजींची वाक्यं. "तुमची परवानगी पाहिजे, ताई. तुम्ही न्हाई म्हणाल्या तर मी करणार न्हाई."

इतके दिवस ज्याची वाट पाहत होते ते समोर आलं होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही जी चाल दाखवता ती आईची नाही. बूट मोठे होते तिला. ती बुटांची चाल आहे."

 मी तिच्या चेहऱ्यावर जे शोधत होते ते आलं नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली. "आजींनी सांगितलं होतं मला. पहिल्याच आठवड्यात."

"काय सांगितलं होतं?"

ती जरा घुटमळली. मग आईच्या आवाजात नाही, पण आईच्या बोलीत म्हणाली: "बूट मोठे हायेत, पण तिला सांगू नको. माही पोरगी लाजाळू हाये. बदलून मागाया दुकानात जायचं तिच्या जिवावर येतं. उगं सांगितलं तर ती जाईन, अन् दिवसभर तिला वाईट वाटंन. मंग काय, चालते मी असंच."

  मला वाटलं होतं माझ्याजवळ एक गोष्ट आहे जी तिच्याजवळ नाही. तीही तिच्याजवळ होती, आणि माझ्याआधी होती. आईनं मला ओळखलं होतं, आतून, सगळं. आणि ते मला सांगायचं सोडून हिला सांगितलं होतं. मला दुकानात जावं लागू नये म्हणून माझी आई वर्षभर बोटं आवळून चालली. यासाठी मला रडू यायला हवं होतं. आलंही, नंतर. त्या वेळी मात्र माझ्या छातीत फक्त हेवा होता, इतका की मला तिला घराबाहेर काढावंसं वाटलं.

ती म्हणाली, "म्हणूनच ती चाल मला ठेवायची होती. पण अर्धीच आहे ती, बराबर आहे तुमचं. बुटांच्या आधीची चाल मी कधी पाहिली न्हाई. मला एकच वर्ष मिळालं. बाकीची सगळी तुम्हाला मिळाली." ती हे कौतुकानं बोलली नाही, तक्रारीनंही नाही. पण तिच्या आवाजात काहीतरी होतं, आणि ते मी लगेच ओळखलं, कारण तेच घेऊन मी कित्येक महिने फिरत होते.

मग तिनं विचारलं, "तुम्ही मला ती चालून दाखवाल का? इथंच, खोलीत. मी तुमच्या मागून चालते."

मी उठले. खरंच उठले. पलंग आणि दार यांच्यामध्ये जागा होती. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, आवाज न करता, जशी आईच्या मागे उभी राहायची. मला तिचा श्वास ऐकू येत होता. उजवा पाय उचलायचा होता. अंगात सगळं होतं. पायाला नुसती परवानगी द्यायची होती. आणि मला कळलं, की मी एकदा चालले की ही चाल हिच्या अंगात जाईल, माझ्यापेक्षा चांगली बसेल, आणि मग लोक तिच्याकडे पाहून रडतील. मी तशीच उभी राहिले.

"मला माहीत आहे ती," मी तिच्याकडे न वळता म्हणाले. "पण ती मी देणार नाही."

 मग ती म्हणाली, "राहू द्या, ताई." आणि चपला घालताना विचारलं, "बुटांची चाल करू?"

"करा," मी म्हणाले. "ती तुमची आहे."

प्रयोगाला मी गेले. भाऊ त्या आठवड्यात जालन्यातच होता, तोही आला. आम्ही मागच्या ओळीत बसलो. निवृत्त पोस्टमनची चाल झाली, शिवणकाम करणाऱ्या बाईंची झाली. मग ती एकटीच आली आणि बुटांची चाल चालली, आधी मंडपात होती तेवढीच, मग सावकाश, मग हात वर करून. एका पोरानं माइकवरून आईची वाक्यं वाचली. पायांचं वाक्यही आलं. मी ते अख्ख्या सभागृहासोबत ऐकलं, कुणा एकाचं नसल्यासारखं.

चालता चालता ती मंचाच्या मधोमध थांबली. हात खाली आले. तोंड पडद्याकडे, पाठ आमच्याकडे. ती नुसती उभी राहिली. माइकवरचा पोरगाही गप्प. तिच्यासमोर रिकामी जागा होती, एका माणसाला पुढे चालता येईल एवढी, आणि ती त्या माणसाच्या मागे उभी असल्यासारखी उभी होती. वेळ फार लांबला. पुढच्या ओळीत कुणाला तरी वाटलं संपलं, त्यानं टाळ्या वाजवल्या आणि मग ओशाळून थांबवल्या. लोक चुळबुळायला लागले.

भाऊ माझ्याकडे झुकून म्हणाला, "काय झालं? विसरली का?"

"नाही," मी म्हणाले.

ती तशीच उभी होती, आणि मी शेवटच्या ओळीतून आईला तिच्या पुढून चालत जाताना पाहत होते.